लवणविद्रावांची घनता

लवणविद्रावांची घनता : पाण्यात लवण विरघळले असता बनणाऱ्या विद्रावाच्या एकक घनफळातील वस्तुमानास त्या विद्रावाची घनता म्हणतात. ती ग्रॅम प्रती मिलिलिटर किंवा किलोग्रॅम प्रती लिटर या एककांत सांगतात व या दोन्ही एककांतील आकडा एकच असतो. शुद्ध पाण्याची घनता २०° से. तापमानास ०.९९८ असते, तर खाण्याच्या मिठाच्या (सोडियम क्लोराइडाच्या) संपृक्त विद्रावाची घनता त्याच तापमानास सु. १.२० असते. विद्रावातील लवणाचे प्रमाण, म्हणजे संहती, वाढत जाते तशी घनताही वाढत जाते. त्यामुळे घनता मोजून संहती ठरविता येते. कोकणातील मिठागरे, वऱ्हाडातील लोणारचे खारे सरोवर व शेतकऱ्यांची बियाणे निवडण्याची पद्धत या महाराष्ट्रातील तीन गोष्टींचा या संबंधाशी निकटचा संबंध आहे. मात्र संहती कोणत्या आधारावर सांगितली आहे, तापमान किती आहे आणि लवण कोणते आहे या तीन गोष्टी माहीत असल्याशिवाय घनतेच्या आकड्यावरून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो.

संहती सांगण्याच्या रीती : ‘वीस टक्के मिठाचे पाणी’ या शब्दप्रयोगाचे व्यवहारात तीन अर्थ होतात. (१) १०० ग्रॅ. विद्रावात २० ग्रॅ. मीठ, म्हणजे वजनी टक्केवारी. यासाठी १० किग्रॅ. पाण्यात २.५ किग्रॅ. मीठ घालावे लागते. अशा विद्रावाची घनता २०° से. तापमानास १.१४८ असते. (२) १०० मिलि. विद्रावात २० ग्रॅ. मीठ. यासाठी २ किग्रॅ. मीठ घेऊन त्यात पाणी घालीत विद्रावाचे एकूण घनफळ १० लि. करतात. त्याची घनता सु. १.१३० येते. (३) १० लि. पाण्यात २ किग्रॅ. मीठ. ग्रामीण भागात बहुधा हीच रीत वापरली जाते. हा विद्राव वजनी टक्केवारीने १६.७ टक्केच असतो आणि त्याची घनता सु. १.१२२ भरते. तिन्ही विद्रावांना वीस टक्के म्हटले जाते, परंतु त्यांच्या घनता वेगवेगळ्या असतात. एखादे बी यांपैकी एका विद्रावात बुडेल व दुसऱ्यात तरंगेल. शास्त्रीय कोष्टकांत सामान्यतः पहिली रीत वापरतात. या नोंदीतही, वेगळा उल्लेख नसल्यास, टक्केवारी वजनी समजावी.

घनता वाढण्याचे कारण : मीठ विरघळताना वस्तुमान नाहीसे होत नाही किंवा नवे निर्माणही होत नाही. ९०० ग्रॅ. पाणी व १०० ग्रॅ. मीठ यांचा विद्राव नेमका १,००० ग्रॅ. भरतो. घनफळाच्या बाबतीत मात्र अशी साधी बेरीज लागू पडत नाही. २०° से. तापमानास ९०० ग्रॅ. पाण्याचे घनफळ ९०१.६ मिलि. असते. मिठाच्या स्फटिकाची घनता सु. २.१६५ असल्याने १०० ग्रॅ. मिठाचे घनफळ ४६.२ मिलि. होते. दोहोंची बेरीज ९४७.८ मिलि. होते, परंतु प्रत्यक्षात विद्रावाचे घनफळ ९३४ मिलि. इतकेच भरते. म्हणजे मिठामुळे घनफळात सु. ३२ मिलि. एवढीच भर पडते.

याचे कारण आयनांच्या विद्युत् भारात आहे. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांमुळे काहीशा विरळ, पोकळ्या असलेल्या रचनेत परस्परांशी जोडलेले असतात. मीठ विरघळले की, सोडियम व क्लोराइड हे विद्युत् भारित आयन सुटे होतात. ते आपल्या भोवतालच्या पाण्याच्या रेणूंना जवळ ओढून घेतात, त्यामुळे ते रेणू अधिक दाटीने बसतात. पाण्याहून जड असा पदार्थ मिसळणे व पाणी स्वतः किंचित आकुंचन पावणे अशी दोन्ही कारणे एकाच दिशेने कार्य करतात व घनता वाढते. विरल विद्रावात हे आकुंचन सर्वांत ठळक असते. त्यात दर १०० ग्रॅ. मिठामागे घनफळात सु. ३० मिलि. भर पडते. २० टक्के विद्रावात ती सरासरी ३५ मिलि. होते, कारण आयनांची संख्या वाढली की प्रत्येकाच्या वाट्यास येणारे मोकळे पाणी कमी होते.

सोडियम क्लोराइडाच्या विद्रावांची २०° से. तापमानास असणारी घनता पुढील कोष्टकात दिली आहे.

| वजनी टक्के | घनता (किग्रॅ./लि.) | एक लिटर विद्रावातील मीठ (ग्रॅ.) |
|---|---|---|
| ० | ०.९९८ | ० |
| १ | १.००५ | १० |
| ३ | १.०२० | ३१ |
| ५ | १.०३४ | ५२ |
| १० | १.०७१ | १०७ |
| १५ | १.१०९ | १६६ |
| २० | १.१४८ | २३० |
| २६ | १.१९७ | ३११ |

शून्यापासून १० टक्क्यांपर्यंत घनता ०.०७३ ने वाढते, तर १० पासून २० टक्क्यांपर्यंत ०.०७७ ने वाढते. म्हणून घनता व वजनी टक्केवारी यांचा आलेख काढल्यास तो अगदी सरळ रेषा न होता किंचित वर वळतो. तथापि दैनंदिन व्यवहारात, प्रत्येक टक्क्यास घनता सु. ०.००७५ ने वाढते, असे मानले तरी चालते.

विद्रावाचे वजन : एकाच मापाच्या भांड्यात पाण्याऐवजी खारा विद्राव भरल्यास वजन वाढते, परंतु ती वाढ विरघळलेल्या मिठाच्या वजनाइतकी नसते. १५ लि. मापाच्या डब्यात सु. १५ किग्रॅ. पाणी मावते. त्याच डब्यात २६ टक्के विद्राव भरल्यास वजन सु. १८ किग्रॅ. होते. त्यात मीठ सु. ४.७ किग्रॅ. असते, मात्र मिठाने जागा घेतल्यामुळे पाणी १३.३ किग्रॅ. एवढेच मावते. म्हणून प्रत्यक्ष वाढ सु. ३ किग्रॅ. दिसते. पाण्यात अधिक मीठ घालून ही मर्यादा ओलांडता येत नाही. २०° से. तापमानास १०० ग्रॅ. पाण्यात सु. ३६ ग्रॅ. मीठ विरघळले की विद्राव संपृक्त होतो व उरलेले मीठ तळाशी राहते. पाणी तापवूनही फारसा फरक पडत नाही, कारण १००° से. तापमानास हा आकडा सु. ३९ पर्यंतच जातो.

संपृक्त विद्रावातही जवळजवळ तीन चतुर्थांश वजन पाण्याचेच असल्याने मिठाची दूरची वाहतूक नेहमी कोरड्या रूपात होत आली आहे. लोहमार्ग येण्यापूर्वी समुद्रकिनाऱ्यावरील मीठ बंजारा समाजाचे तांडे बैलांच्या पाठीवरील गोण्यांतून देशावर व वऱ्हाडात आणीत. या समाजाच्या ‘लमाण’ या नावाची व्युत्पत्ती ‘लवण’ या शब्दापासून झाली असावी, असे एक मत आहे. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे या समाजाचे प्रमुख श्रद्धास्थान असून तेथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोहमार्गांचा विस्तार झाल्यावर हा व्यापार मागे पडला. कोरड्या मिठाच्या वजनातही एक दोष असतो. हवेची सापेक्ष आर्द्रता सु. ७५ टक्क्यांहून अधिक झाली की शुद्ध मीठही ओलावा धरू लागते. मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेले जाडे मीठ त्याहूनही कमी आर्द्रतेत पाझरते. पावसाळ्यात तोललेल्या मिठात पाण्याचाही वाटा असतो. म्हणूनच किती मीठ घातले यापेक्षा तयार विद्रावाची घनता किती आहे हे पाहणे अधिक विश्वसनीय ठरते.

तापमानाचा परिणाम : तापविल्यावर विद्राव प्रसरण पावतो व त्याची घनता कमी होते. २० टक्के विद्रावाची घनता २०° से. तापमानास १.१४८ असते, ती ४०° से. तापमानास सु. १.१३८ होते. विदर्भातील उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या विद्रावाचे तापमान सहज इतके होऊ शकते. तापमान लक्षात न घेता १.१३८ हा आकडा वरील कोष्टकात पाहिल्यास संहती १८.८ टक्के आहे, असे चुकीचे अनुमान निघेल. मीठ मुळीच कमी झालेले नसते, केवळ घनफळ वाढलेले असते. म्हणून घनतेसोबत तापमानाची नोंद आवश्यक असते.

लवणाच्या प्रकाराचा परिणाम : समान वजनी टक्केवारीच्या निरनिराळ्या लवणांच्या विद्रावांची घनता समान नसते. २०° से. तापमानास १० टक्के विद्रावाची घनता पोटॅशियम क्लोराइडासाठी १.०६३, सोडियम क्लोराइडासाठी १.०७१, कॅल्शियम क्लोराइडासाठी १.०८४ व सोडियम कार्बोनेटासाठी १.१०३ असते. आयनांचे वस्तुमान, त्यांचे आकारमान व त्यांवरील विद्युत् भार यांवर हा फरक अवलंबून असतो. कार्बोनेट आयनावर दोन एकक भार असल्यामुळे तो पाण्याचे रेणू अधिक जोराने ओढतो.

वाशीम जिल्ह्याच्या पश्चिमेस लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे या मुद्द्याचे उत्तम उदाहरण आहे. बेसाल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झालेल्या सु. १.८ किमी. व्यासाच्या विवरात हे सरोवर आहे. त्याच्या पाण्यात सोडियम क्लोराइडाबरोबर सोडियमाची कार्बोनेटे व बायकार्बोनेटे आहेत. त्यामुळे ते पाणी खारट व तीव्र क्षारीय असून त्याचे पीएच मूल्य १० च्या आसपास असते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात काच व साबण यांसाठी लागणारी द्रव्ये येथे मिळत असल्याचा उल्लेख आहे. सरोवराचे पाणी उन्हाळ्यात आटल्यावर काठावर व तळाशी जमणाऱ्या लवणांना स्थानिक लोक दल्ला, खुप्पल, भुस्की यांसारख्या नावांनी ओळखत. म्हणजे हे सर्व एकच मीठ नाही याची त्यांना अनुभवाने जाण होती. केवळ खाण्याच्या मिठासाठी आखलेले घनतामापक उपकरण १० टक्के सोड्याच्या विद्रावात बुडविल्यास ते सु. १४ टक्के दाखवील. लोणारच्या पाण्यासारख्या मिश्र विद्रावात घनतेवरून एकूण लवणांचा अंदाज येतो. त्यांपैकी कोणते किती हे मात्र रासायनिक विश्लेषणानेच कळते.

या सरोवरात लवणे पाण्याबरोबर बाहेर वाहून जात नाहीत. पावसाळ्यात ओढ्यांचे व झऱ्यांचे गोडे पाणी मिळून संहती घटते व उन्हाळ्यात बाष्पीभवनाने वाढते. जून २०२० मध्ये पाण्याची पातळी खालावून क्षारता वाढली असता सरोवराचा रंग गुलाबी झाला. पुणे येथील आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हा रंग लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे आढळले. त्याच वर्षी सरोवरास रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

घनतेचे मापन : घनतामापनाची सर्वांत सोपी रीत तोलण्याची होय. एकाच बाटलीत ठराविक खुणेपर्यंत प्रथम पाणी व नंतर विद्राव भरून दोन्हींचे निव्वळ वजन करावे. दुसऱ्या वजनास पहिल्याने भागल्यास विशिष्ट गुरुत्व मिळते. हायड्रोमीटर हे दुसरे साधन होय. तळाशी शिसे किंवा छर्रे भरलेली ही बंद काचनळी द्रवात उभी तरंगते. आर्किमिडीज यांच्या तत्त्वानुसार तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतक्या वजनाचा द्रव बाजूस सारते. द्रव जड असेल तर त्यासाठी कमी घनफळ पुरते व नळी वर राहते, द्रव हलका असेल तर ती अधिक बुडते. नळीच्या दांड्यावरील अंशांकन द्रवाच्या पृष्ठभागाशी वाचतात.

फ्रेंच औषधनिर्माते आंत्वान बोमे यांनी १७६८ मध्ये आखलेली मापनश्रेणी मीठ उद्योगात रूढ आहे. त्यांनी शुद्ध पाण्यास शून्य व १५ टक्के मिठाच्या विद्रावास १५ अंश मानून मधल्या अंतराचे समान भाग केले. म्हणजे या श्रेणीचा उगमच मिठाच्या पाण्यात आहे.

मिठागरातील उपयोग : ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर भाईंदर, वसई, उरण आदी ठिकाणी भरतीचे पाणी उथळ कुंडांत घेऊन उन्हाने आटविण्याची पद्धत आहे. खुल्या समुद्राच्या पाण्याची घनता सु. १.०२५, म्हणजे बोमे श्रेणीवर सु. ३.५ अंश असते. अशा एक घन मीटर पाण्यात सु. ३६ किग्रॅ. लवणे असतात व त्यांपैकी सु. २८ किग्रॅ. सोडियम क्लोराइड असते. पाणी एका कुंडातून दुसऱ्यात नेत आटविले असता प्रथम कॅल्शियम कार्बोनेट व नंतर सु. १३ अंशांपासून जिप्सम खाली बसू लागते. मूळ घनफळाच्या सु. एक दशांश पाणी उरले की घनता सु. १.२१, म्हणजे सु. २५.५ अंश होते व मिठाचे स्फटिक तयार होऊ लागतात. सु. २९ ते ३० अंशांस उरलेले कडवट पाणी काढून टाकावे लागते. ते तसेच आटू दिल्यास मॅग्नेशियमाची लवणे मिठात मिसळतात व मीठ कडू आणि पाझरणारे होते. मीठ कुंडात केव्हा घ्यावे व केव्हा थांबावे हा निर्णय अशा रीतीने घनतेच्या आकड्यावर घेतला जातो. त्यात चूक झाल्यास हंगामाच्या मालाची प्रत उतरते.

बियाण्यांची निवड : भरीव बी जड असते, तर पोचट, कीडलेले किंवा रोगट बी हलके असते. योग्य घनतेच्या मिठाच्या पाण्यात चांगले बी बुडते व हलके तरंगते. जपानमध्ये योकोई तोकियोशी यांनी १८८२ मध्ये भातासाठी ही पद्धत मांडली. तेथे साध्या भातासाठी १.१३ विशिष्ट गुरुत्वाचा विद्राव वापरतात. महाराष्ट्रात भाताच्या बियाण्यासाठी ३ टक्के, म्हणजे १० लि. पाण्यात ३०० ग्रॅ. मीठ घालून केलेल्या, विद्रावाची शिफारस आहे. त्याची घनता सु. १.०२ असल्याने त्यात केवळ पोचट दाणे वेगळे होतात. बाजरीतील अरगट या बुरशीजन्य रोगाच्या गाठी काढण्यासाठी १० लि. पाण्यात २ किग्रॅ. मीठ घेतात. या गाठींत माणसांना व जनावरांना विषारी असणारी अल्कलॉइडे असतात. त्यामुळे विद्रावाची संहती अचूक असणे येथे विशेष महत्त्वाचे असते.

मिठात दहा टक्के ओलावा असल्यास हा विद्राव १६.७ ऐवजी सु. १५ टक्के होतो व त्याची घनता १.१२२ ऐवजी १.१०९ भरते. अशा विद्रावात काही रोगट गाठी चांगल्या बियांबरोबर बुडून राहण्याचा धोका संभवतो. याउलट विद्राव फार संहत झाल्यास चांगले बीही तरंगते व वाया जाते. यावर सोपा उपाय म्हणजे मीठ पूर्ण विरघळल्यावर एक लिटर विद्राव तोलून पाहणे. सामान्य तापमानास तो सु. १ किग्रॅ. १२० ग्रॅ. भरला पाहिजे. कमी भरल्यास मीठ व जास्त भरल्यास पाणी घालावे. बियाण्याच्या अनेक खेपांनंतर विद्राव कमी झाला असता त्यात नुसते पाणी ओतू नये, कारण त्यामुळे संहती घटते. त्याच प्रमाणाचा नवा विद्राव करून घालावा. बुडालेले बी लगेच काढून स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुतात व सावलीत वाळवितात, कारण बियांना चिकटलेले मीठ उगवणीस बाधक ठरते.

ही पद्धत सर्व पिकांना लागू नाही. वाशीम जिल्ह्यातील प्रमुख खरीप पीक असलेल्या सोयाबीनच्या बियांचे आवरण पातळ व नाजूक असते. असे बी पाण्यात भिजवून हाताळल्यास त्यास इजा होऊन उगवणशक्ती घटते. म्हणून त्याची पारख विद्रावाने न करता पेरणीपूर्वी शंभर दाण्यांची उगवण तपासून करतात. किमान सत्तर दाणे उगवल्यास ते बियाणे पेरणीयोग्य मानले जाते.

मर्यादा : संहत विद्रावांसाठी घनतामापन सोयीचे असले, तरी अतिशय विरल विद्रावांसाठी ते अपुरे पडते. रुग्णास शिरेतून देण्यात येणाऱ्या लवणजलात एका लिटरमध्ये ९ ग्रॅ. मीठ असते. हे प्रमाण चुकून दुप्पट झाले तरी घनता सु. ०.००६ एवढीच वाढते. साध्या हायड्रोमीटरवर हा फरक सहज नजरेतून सुटेल, परंतु रुग्णाच्या दृष्टीने तो गंभीर ठरतो. म्हणून असे विद्राव अचूक तोलूनच तयार करतात. वाशीमच्या उत्तरेकडील पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत, खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील विहिरीच्या एक लिटर पाण्यात ३ ग्रॅ. लवणे असली, तर ते पाणी पिण्यास व बहुतेक पिकांस अयोग्य ठरते. तथापि त्याचे वजन गोड्या पाण्याहून लिटरमागे सु. २ ग्रॅमनेच अधिक असते. तराजूला किंवा हायड्रोमीटरला न जाणवणारा हा खारेपणा पाण्याच्या विद्युत् संवाहकतेवरून सहज मोजता येतो, कारण थोडे आयनही संवाहकता पुष्कळ वाढवितात. जाड्या मिठाचा विद्राव घनतेने व विहिरीचे पाणी संवाहकतेने पारखावे, हा व्यवहारातील सर्वसाधारण नियम होय.